तंत्रज्ञानामुळे उच्च शिक्षण सुधारेल काय? : बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागाच्या संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयात नवीन यंत्र आले की दोन मते हमखास ऐकू येतात. या यंत्रामुळे अध्यापनाचा कायापालट होईल, असे पहिले मत. खडू-फळ्याने पिढ्या घडल्या, यंत्राने काय होणार, असे दुसरे. दोन्ही मते यंत्राविषयी आहेत. विद्यार्थी त्या यंत्रासमोर बसून नेमके काय करतो, याचा विचार दोन्हींत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न मध्यवर्ती मानला आहे.

विचार हवेत राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवले आहे. मध्यप्रदेशातील बुऱ्हाणपूर हे महाराष्ट्राच्या सीमेवरील शहर आहे. १५ ऑगस्ट २००३ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे २ लाख १० हजार असून त्यात मुस्लिम लोकसंख्या निम्म्याच्या आसपास आहे. यंत्रमाग हा शहराचा मोठा धंदा. इतवारा हा तेथील जुन्या शहराचा भाग. अशा वस्तीतून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी अनेकदा घरातील पहिलाच पदवीधर होऊ पाहत असतो. त्याची शाळा उर्दू, हिंदी किंवा मराठी माध्यमाची असते, आणि महाविद्यालयाची तीन वर्षे म्हणजे घराने सोडलेली तीन वर्षांची कमाई असते. ही वर्षे वाया गेली तर ती पुन्हा मिळत नाहीत. म्हणून तंत्रज्ञानाचा प्रश्न येथे हौसेचा नाही, हिशेबाचा आहे.

'सुधारणा' म्हणजे काय?

उच्च शिक्षणातील सुधारणा चार ठिकाणी मोजता येते. पहिली पोहोच, म्हणजे किती जणांपर्यंत शिक्षण जाते. दुसरे आकलन, म्हणजे शिकवलेले किती समजते. तिसरा टिकाव, म्हणजे प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण अभ्यासक्रम पूर्ण करतात. चौथी पडताळणी, म्हणजे विद्यार्थ्याला काय येते व काय येत नाही हे अध्यापकाला किती लवकर कळते.

तंत्रज्ञानाविषयी होणारी बहुतेक चर्चा पहिल्या मुद्द्यापाशी थांबते. पोहोच वाढली की उरलेल्या तीन गोष्टी आपोआप येतील, असे गृहीत धरले जाते. गेल्या चाळीस वर्षांचा अनुभव या गृहीतकाला आधार देत नाही.

प्रक्षेपणाची चाळीस वर्षे

१५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवरून देशव्यापी वर्गाचे, म्हणजे 'कंट्रीवाइड क्लासरूम'चे प्रक्षेपण सुरू केले. लहान गावांतील महाविद्यालयांना चांगल्या अध्यापकांची व्याख्याने मिळावीत हा हेतू होता. त्यासाठी विद्यापीठांत दृक्-श्राव्य निर्मितीची केंद्रे उभी राहिली. पुणे आणि इंदूर या दोन्ही विद्यापीठांत अशी केंद्रे आहेत. २००३ साली आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल प्रकल्प सुरू झाला. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी असलेला एड्युसॅट उपग्रह सोडण्यात आला, त्याचे कार्य २०१० मध्ये संपले. ९ जुलै २०१७ रोजी 'स्वयम्' या राष्ट्रीय मंचाचे उद्घाटन झाले. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्'च्या अभ्यासक्रमांतून मिळवता येतात.

या सर्व प्रयत्नांतून मोठा ज्ञानसाठा निर्माण झाला, आणि तो बहुतांशी विनामूल्य आहे. ज्या अध्यापकाला स्वतःची तयारी करायची आहे त्याच्यासाठी तो उपयुक्तच आहे. परंतु या साखळीतील प्रत्येक दुव्याची मूळ कल्पना एकच राहिली. उत्तम व्याख्यान एका जागी तयार करायचे आणि सर्वत्र पोहोचवायचे. दूरदर्शन संच गेला, उपग्रह आला. उपग्रह गेला, इंटरनेट आले. ऐकणाऱ्याला न समजलेले वाक्य कोणते, हे बोलणाऱ्याला कळण्याची सोय मात्र फारशी वाढली नाही.

परदेशातील अनुभव वेगळा नाही. २०११ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबॅस्टियन थ्रन व पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांना खुला केला. सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नाव नोंदवले, सुमारे २३ हजारांनी तो पूर्ण केला. तेवीस हजार ही संख्या कोणत्याही वर्गापेक्षा मोठी आहे, हे खरे. पण ते शिकणारे मुळातच स्वतःच्या बळावर शिकू शकणारे होते. थ्रन यांच्या उडॅसिटी कंपनीने २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर गणित व संख्याशास्त्राचे प्रारंभिक अभ्यासक्रम चालवले. तेथे आधी नापास झालेले आणि अजून शाळेत असलेले विद्यार्थीही होते. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण प्रत्यक्ष वर्गापेक्षा बरेच कमी आले आणि प्रयोग थांबवून त्याचा फेरविचार करावा लागला. कम्युनिटी कॉलेजच्या अध्यापकांनी ही दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत, कारण त्यांच्या वर्गातील विद्यार्थी स्टॅनफर्डच्या पहिल्या गटापेक्षा सॅन होजेच्या दुसऱ्या गटाला अधिक जवळचा आहे.

२०२० ची कसोटी

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली आणि तंत्रज्ञानाची सक्तीची परीक्षा झाली. त्याआधीची स्थिती राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) नोंदलेली आहे.

१) संगणक असलेली कुटुंबे : ग्रामीण ४.४ टक्के, शहरी २३.४ टक्के.
२) इंटरनेटची सोय असलेली कुटुंबे : ग्रामीण १४.९ टक्के, शहरी ४२ टक्के.

या दोन ओळींतील अंतर महत्त्वाचे आहे. संगणकापेक्षा इंटरनेट अधिक घरांत होते, म्हणजे बऱ्याच घरांत इंटरनेट होते ते मोबाइलवर. मोबाइलवर व्याख्यान पाहता येते. पण दहा पानांचा स्वाध्याय लिहिणे, तक्ता भरणे किंवा दोन मजकूर शेजारी ठेवून वाचणे कठीण जाते. शिवाय घरातील मोबाइल एकट्या विद्यार्थ्याचा नसतो. वडील कामावर घेऊन गेले की तो दिवसभर घरात नाही, आणि भाऊ-बहीण दोघे शिकत असतील तर कोणाचा तास आधी, हा प्रश्न उभा राहतो. मुलीचा क्रम अशा वेळी बहुधा शेवटी लागतो.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचे आकडे याच काळातील आहेत. २०१९-२० मध्ये उच्च शिक्षणातील मुस्लिम विद्यार्थी सुमारे २१ लाख होते, २०२०-२१ मध्ये ही संख्या सुमारे १९ लाख २१ हजारांवर आली. याच वर्षी देशातील एकूण विद्यार्थीसंख्या ३ कोटी ८५ लाखांवरून ४ कोटी १४ लाखांवर गेली होती. पुढील वर्षी मुस्लिम विद्यार्थ्यांची संख्या पुन्हा २१ लाखांच्या आसपास पोहोचली. या घसरणीचे कारण एकटे ऑनलाइन शिक्षण होते असे म्हणता येत नाही. रोजगार गेला, घरे अडचणीत आली. परंतु शिक्षण पडद्यावर सर्वाधिक असताना हा वर्ग मागे हटला, ही नोंद दृष्टीआड करता येणार नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवून दिले होते की देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवीस्तरावर २५ विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर स्तरावर ५० मागे एक विद्यार्थी मुस्लिम आहे. एवढ्या अरुंद पायावर उभ्या असलेल्या समाजाला एका वर्षाची गळतीही महाग पडते.

साधन की रचना?

मग तंत्रज्ञान निरुपयोगी आहे काय? तसेही नाही. त्याचा उपयोग कोठे होतो हे समजण्यासाठी पदार्थविज्ञानाच्या अध्यापनातील तीन अभ्यास पाहावे लागतात.

हार्वर्ड विद्यापीठाचे एरिक मझूर यांनी १९९१ पासून आपल्या तासाची पद्धत बदलली. थोडे शिकवून झाले की ते बहुपर्यायी प्रश्न देत. प्रत्येक विद्यार्थी आधी स्वतः उत्तर ठरवी, मग शेजाऱ्याशी चर्चा करी आणि पुन्हा उत्तर देई. १९९८ मध्ये रिचर्ड हेक यांनी अमेरिकेतील ६२ अभ्यासक्रमांतील ६,५४२ विद्यार्थ्यांचे निकाल एकत्र तपासले. अभ्यासक्रमापूर्वी जे येत नव्हते त्यापैकी केवळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी २३ टक्के भरून निघाले. विद्यार्थ्यांना विचार व चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ४८ टक्के. फरक दुपटीचा आहे.

या पद्धतीसाठी पुढे 'क्लिकर' नावाची उपकरणे आली. बटण दाबले की सर्व वर्गाची उत्तरे पडद्यावर दिसतात. शिक्षण सुधारले ते उपकरणामुळे की पद्धतीमुळे, हे तपासण्यासाठी नॅथनिएल लॅस्री यांनी कॅनडातील क्वेबेक प्रांतातल्या एका कनिष्ठ स्तराच्या महाविद्यालयात तुलना केली. एका गटाला क्लिकर दिले, दुसऱ्या गटाला पुठ्ठ्याची कार्डे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन्ही गटांच्या आकलनात लक्षणीय फरक आढळला नाही. लाभ विचारण्याच्या रचनेत होता. उपकरणाने उत्तरे मोजण्याचे व साठवण्याचे श्रम वाचवले, आणि तेही उपयोगाचेच होते.

हा विचार बुऱ्हाणपूरला परका नाही. सोळाव्या शतकातील हदीसचे विद्वान अली मुत्तकी यांचा जन्म याच शहरातला. त्यांचे निधन १५६७ साली मक्केत झाले. इमाम सुयूती यांच्या विशाल संग्रहात प्रेषितांची वचने वर्णानुक्रमे होती, म्हणजे वचनाचा आरंभ ठाऊक असेल त्यालाच ते सापडे. अली मुत्तकींनी 'कन्झुल उम्माल'मध्ये हे साहित्य विषयवार लावले. त्यामुळे प्रश्न घेऊन आलेल्यालाही ग्रंथ उघडला. साहित्य मुख्यतः तेच होते, कागद व शाई तीच होती. बदलली ती मांडणी, आणि ती शिकणाऱ्याच्या बाजूने बदलली. आजच्या कोणत्याही शैक्षणिक साधनाला हीच कसोटी लावता येते.

वर्गातील एक उदाहरण

यंत्रमागाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात पुढील प्रश्न विचारता येईल. बाण्याचा एकेक धागा म्हणजे एक पिक. माग मिनिटाला १५० पिक टाकतो, कापडात इंचाला ५० पिक आहेत आणि मागाची कार्यक्षमता ८० टक्के आहे. तर तासाला किती वार कापड निघेल? पर्याय : (अ) ५, (ब) ४, (क) ६.२५, (ड) १२.

बरोबर उत्तर ४ वार आहे. तासाला ९,००० पिकांपैकी ८० टक्के म्हणजे ७,२०० पिक. त्यांना ५० ने भागले की १४४ इंच, म्हणजे ४ वार. परंतु अध्यापकासाठी चुकीची उत्तरे अधिक बोलकी आहेत. ५ म्हणणारा कार्यक्षमता विसरला. ६.२५ म्हणणाऱ्याने ८० टक्क्यांनी गुणण्याऐवजी भागले. १२ म्हणणाऱ्याने फूट काढले आणि त्यांना वार म्हटले. तीन चुका, तीन वेगळे उपाय. व्याख्यानाच्या शेवटी "समजले का?" असे विचारल्यावर या तिघांचेही उत्तर "हो" असेच येते.

हे काम पुठ्ठ्याच्या चार कार्डांनी होते. मोबाइलवरील प्रश्नावलीनेही होते, आणि मग आठवड्याअखेर कोणता विद्यार्थी सलग कोठे चुकतो याची यादी अध्यापकाला तयार मिळते. तंत्रज्ञानाची खरी जागा ही आहे. विद्यार्थ्याची चूक अध्यापकाला लवकर दिसणे आणि ती सुधारायला अध्यापकाचा वेळ मोकळा होणे.

भाषेचा अडसर

बुऱ्हाणपूरसारख्या शहरात विषयापूर्वी भाषेचा अडसर येतो. येथे तंत्रज्ञान खरोखर मदत करू शकते, पण पाया नीट असेल तरच. उर्दूचे नस्तालीक वळण संगणकावर आणणे अवघड होते. १९८१ मध्ये नूरी नस्तालीकमुळे ते साध्य झाले आणि १९९० च्या दशकात इनपेजमुळे छपाई सोपी झाली. परंतु त्या काळच्या इनपेजमधील उर्दू, कृतिदेवसारख्या अक्षरसंचातील हिंदी आणि जुन्या अक्षरसंचांतील मराठी यांचा दोष एकच होता. मजकूर युनिकोडमध्ये नव्हता. अशी टिपणे दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर उघडली तर निरर्थक अक्षरे दिसतात. त्यांत शब्द शोधता येत नाही, यंत्राकडून अनुवाद करून घेता येत नाही, दृष्टिहीन विद्यार्थ्याला ती वाचून दाखवता येत नाहीत. अनेक अध्यापकांची वर्षांची मेहनत अशा संचिकांत अडकून पडली आहे. ती युनिकोडमध्ये आणणे हे बिनखर्चाचे आणि तातडीचे काम आहे.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळ येथे एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. त्यांत अनेक पारिभाषिक संज्ञा इंग्रजीच ठेवून देवनागरीत दिल्या आहेत. हा मार्ग अध्यापकांनाही घेता येईल. स्पष्टीकरण विद्यार्थ्याच्या भाषेत आणि संज्ञा त्याला परीक्षेत व कामावर भेटणार त्या रूपात. यंत्रानुवाद पहिला मसुदा देतो. परंतु विषय जाणणाऱ्या माणसाने तो तपासल्याशिवाय वर्गात देऊ नये.

कृत्रिम बुद्धिमत्ता

नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटीसारखी साधने विद्यार्थ्यांच्या हाती आली आहेत. तुर्कस्तानात सुमारे एक हजार शालेय विद्यार्थ्यांवर गणिताच्या सरावाचा एक प्रयोग झाला, तो २०२४ मध्ये समोर आला. ज्यांना साधे चॅट-साधन दिले त्यांची सरावातील कामगिरी ४८ टक्क्यांनी वाढली. पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते साधन न वापरलेल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. ज्यांच्या साधनात उत्तराऐवजी अध्यापकांनी ठरवलेले संकेत मिळत होते, त्यांच्याबाबत हे नुकसान जवळजवळ झाले नाही. प्रयोग शाळेतील असला तरी बोध महाविद्यालयालाही लागू आहे. जे साधन विद्यार्थ्याचा विचार स्वतः करून टाकते ते गुण देते, ज्ञान देत नाही.

कम्युनिटी कॉलेजसाठी सूचना

भारतात पहिले कम्युनिटी कॉलेज १९९५ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत (२०१२-१७) या महाविद्यालयांसाठी योजना आणली. स्थानिक गरजेचे कौशल्य शिकवणे हा तिचा गाभा आहे. वरील विवेचनावरून पुढील सूचना करता येतील.

१) कोणतेही साधन घेण्यापूर्वी एक प्रश्न लेखी विचारावा : यामुळे विद्यार्थ्याची कोणती चूक लवकर कळेल? उत्तर नसेल तर खरेदी पुढे ढकलावी.

२) प्रत्येक तासाला निदान दोन निदानात्मक प्रश्न असावेत. चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष चुकांवरून तयार करावेत. दोन-तीन अध्यापकांनी मिळून वर्षभरात प्रश्नसंग्रह उभा करावा.

३) हाताचे कौशल्य शिकवताना विद्यार्थ्याचेच काम मोबाइलवर चित्रित करावे. तुटलेला ताणा जोडताना बोटे कोठे चुकतात, हे संथ गतीच्या चित्रफितीत त्याला स्वतःला दिसते. अशा वेळी माग बंद असावा.

४) ध्वनिचित्रफिती लहान, स्थानिक भाषेत आणि उतरवून ठेवता येतील अशा असाव्यात, म्हणजे मोबाइल रात्री हाती आला तरी अभ्यास होईल.

५) महाविद्यालयातील संगणक कक्ष तासांनंतरही उघडा ठेवावा आणि मुलींसाठी सोयीची वेळ राखावी. घरी संगणक नसलेल्याला हाच एक संगणक असतो.

६) सलग तीन दिवस गैरहजर राहिलेल्या विद्यार्थ्याची यादी संगणकाने काढावी, पण त्याच्या घरी दूरध्वनी अध्यापकाने करावा.

७) यंत्रासाठी ठेवलेल्या निधीचा एक भाग दुरुस्ती व अध्यापक-प्रशिक्षणासाठी आधीच बाजूला काढावा.

समारोप

तंत्रज्ञानामुळे उच्च शिक्षण सुधारू शकते, पण स्वतःहून नव्हे. व्याख्यान दूरवर नेण्याचे काम ते चार दशके करीत आले आहे आणि त्याचा सर्वाधिक लाभ आधीच पुढे असलेल्यांना झाला आहे. जेथे त्याने विद्यार्थ्याची चूक अध्यापकासमोर आणली, भाषेचा अडसर कमी केला आणि अध्यापकाचा वेळ वाचवून तो विद्यार्थ्याला परत दिला, तेथे आकलनही वाढते आणि टिकावही. इतवाऱ्यातून महाविद्यालयात येणाऱ्या मुला-मुलींना देशातील उत्तमोत्तम व्याख्याने आता मोबाइलवर उपलब्ध आहेत. आपण ५ वार का म्हटले, हे त्यांना विचारणारे कोणीतरी मात्र वर्गातच भेटायला हवे.